ताकदीच्या गोळ्या

उपेंद्र भंगाळेनं २०२१च्या उन्हाळ्यात तेरा होमरन मारले. तेरावा चेंडू कुंपणापलीकडे गेला तेव्हा त्याला आनंद झाला नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल. झाला, पण तळांना वळसा घालून घरच्या तळावर येईपर्यंतच टिकला. तिथे फिनबार हात पसरून उभा होता. ज्याचा विक्रम आपण आत्ता मोडला तोच माणूस करोनाचे नियम विसरून आपल्याला मिठी मारतोय, वर त्याचे डोळे भरून आलेत, हे पाहून उपेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विक्रम तसा फुटाण्याएवढाच. आयर्लंडमधल्या कॉर्क बंदराच्या काठावर कौन्सिलचं एक मैदान, नारिंगी प्लास्टिकच्या जाळीचं कुंपण, हौशी खेळाडूंचे सहा संघ, आणि प्रेक्षक म्हणाल तर कुत्री फिरवायला आलेली माणसं. बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला की होमरन. आपल्या षटकारासारखाच, फक्त षटकाराहून बराच दुर्मीळ. फिनबारनं २००९ साली एका मोसमात बारा मारले होते आणि नंतर बारा वर्षं त्या आकड्याच्या आसपासही कुणी फिरकलं नव्हतं. आता इतक्या छोट्या विक्रमासाठी कुणी लबाडी करेल का, असं वाटेल. पण माणसाला जगाचा मान कुठे हवा असतो? ओळखीच्या दहा जणांनी मान डोलवावी एवढ्यासाठी तो वाटेल ते करतो, आणि उपेंद्रनं तेच केलं होतं.

फिनबार रिंगास्किडीतल्या एका औषध कारखान्यात पॅकिंग लाइनवर होता आणि उपेंद्र तिथेच क्वालिटीत. क्वालिटीचा माणूस म्हणजे कारखान्यातली सासू. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा त्याला पगार मिळतो. नवीन लागला तेव्हा उपेंद्रनं फिनबारचीच चूक पकडली होती. तापमानाची एक नोंद त्यानं तासाभरानं, आठवून लिहिली होती. चौकशीत विचारलं तर फिनबार म्हणाला, "नंतर लिहिली. चूक माझी." बस, एवढंच. त्याला आठवडाभर नव्या पोरासोरांबरोबर प्रशिक्षणाला बसवलं. आणि त्यानंतरच्या सोमवारी कँटीनमध्ये हा बाबा उपेंद्रसमोर ताट घेऊन बसला आणि म्हणाला, "तू इंडियात बेसबॉल खेळायचास म्हणे? आमच्याकडे सातच जण आहेत, नऊ लागतात."

उपेंद्र जळगावला असताना विद्यापीठाच्या संघातून खेळलेला. इकडे आल्यावर त्याला कोण विचारतंय? त्या मैदानावर त्याला विचारलं. तिथे तो ‘ओपी’ झाला, त्याच्या नावानं आरोळ्या पडू लागल्या. पुढे फिनबारच्या हृदयाला स्टेंट बसवावा लागला, त्याचं खेळणं थांबलं आणि तो संघाच्या धावांची वही सांभाळू लागला.

मग करोना आला आणि २०२०चा मोसम वाहून गेला. उपेंद्रचं पोट सुटलं, खांदा धरला, चाळिशी दारात येऊन उभी राहिली. पुढच्या मोसमात आपण बाकावर बसणार हे त्याला आरशात दिसू लागलं. फेब्रुवारीत त्यानं प्रल्हादला फोन लावला. प्रल्हाद त्याच्याच विद्यापीठाच्या संघातला. आता जळगावात त्याचं मेडिकल होतं.

"अरे, ताकदीच्या गोळ्या देतो ना," प्रल्हाद म्हणाला. "इथं डॉक्टर म्हाताऱ्यांनाही लिहून देतात. तिकडच्या लोकांनी स्टेरॉइड-स्टेरॉइड करून उगाच बाऊ केलाय."

ताकदीच्या गोळ्या. हा शब्द उपेंद्रच्या फार सोयीचा होता. मोसमाआधी खेळाडूंनी भरायचा एक फॉर्म असतो, त्यावर बंदी असलेल्या औषधांत त्या गोळ्यांचं इंग्रजी नाव स्वच्छ छापलेलं होतं. त्यानं ते वाचलं, खाली सही केली आणि कारखान्यातल्या सवयीनं तारीखही घातली. पण इंग्रजीत काही का असेना, मराठीत त्या ताकदीच्या गोळ्या होत्या, च्यवनप्राशाच्या चुलत बहिणी. शिवाय कारखान्यातला पहिला नियमच असा, की ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही. कामगारांनी नोंदी चुकवू नयेत म्हणून केलेला नियम. उपेंद्रनं तो उलटा करून अंगावर पांघरला. गोळ्यांची कुठे चिठ्ठी नाही, कुठे नाव नाही, म्हणजे घेतल्याच नाहीत. रोज सकाळी दात घासून झाले की तो एक न घेतलेली गोळी गिळायचा.

पार्सल आईनं, शोभनाबाईंनी, पाठवलं. प्रल्हादनं शोभनाबाईंनाही ताकदीच्या गोळ्या म्हणूनच पाकिटं दिली, आणि त्यांनी ती मेतकुटाच्या डब्याला खेटून, बिबड्यांच्या पिशवीत जपून ठेवली. मार्च महिना, जळगावात रोग पुन्हा भडकलेला, बाजार कधी उघडा तर कधी बंद. अडुसष्ट वर्षांची बाई दोन मास्क लावून कुरियरवाल्याच्या दारात दीड तास उभी राहिली. हे तिनं व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, तेव्हा उपेंद्र म्हणाला, "आई, कशाला एवढा त्रास घेतलास?" आपलं हे वाक्य त्याला नंतर अनेकदा आठवलं आणि दर वेळी कान तापले.

जूनमध्ये सामने सुरू झाले आणि चेंडू उडू लागले. खांदा पंचविशीतला झाला. पाठीवर पुरळ उठलं, बायकोवर, वृंदावर, तो नको तितका खेकसू लागला. ती बिचारी म्हणायची, लॉकडाऊननं सगळ्यांचीच डोकी फिरलीत. प्रत्येक होमरननंतर तो आईला फोन करायचा आणि आई गल्लीभर सांगत सुटायची. "लागू पडल्या ना माझ्या गोळ्या?" हे ठरलेलं. दहाव्यानंतर त्यानं मैदानावरूनच कॉल लावला. मागून फिनबारनं हात हलवला. हा कोण, असं आईनं विचारलं. उपेंद्रनं सांगितलं, बाराचा विक्रम याचाच. आता हृदयाचं दुखणं आहे, खेळत नाही. आई चुकचुकली. "फार अशक्त दिसतो गं बाई," असं शेजारणीला म्हणाली आणि विषय संपला. निदान उपेंद्रला तसं वाटलं.

तेराव्यानंतरचे आठ दिवस त्यानं स्वतःशी वाद घालण्यात घालवले. गोळीला काही चेंडू दिसत नाही. नजर माझी, मनगट माझं, पंचवीस वर्षांची मेहनत माझी. तेरातले फार तर तीन-चार गोळ्यांचे धरा; बाकीचे तर माझेच? पण हा हिशेब करणारा माणूस क्वालिटीतला होता, तिथेच घोळ झाला. एका बॅचमध्ये नको ते मिसळलं, तर त्यातल्या चांगल्या गोळ्या वेचून घेता येत नाहीत. सबंध बॅच फेकून द्यावी लागते, आणि ती फेकून देण्याच्या कागदावर रोज सही कोण करतं, तर हाच. शेवटी त्यानं ठरवलं, झालं ते झालं, पुढच्या वर्षी घ्यायच्या नाहीत. एवढं ठरवूनच त्याला आपण बरेच प्रामाणिक असल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी चहा टाकताना त्यानं वृंदाला सहज विचारलं, "आईचं पार्सल आलं का गं?"

"गुरुवारीच आलं. मेतकूट वरच्या प्रेसमध्ये, कपाटात ठेवलंय. आणि काल तू यायच्या आधी फिनबार टोमॅटो द्यायला आला होता ना, त्याला त्याचं पाकीट देऊन टाकलं."

"त्याचं कसलं पाकीट?"

"अरे, आईंनी त्याच्यासाठी पण ताकदीच्या गोळ्या पाठवल्यात. वर नाव लिहून. सो स्वीट ना? मी त्याला म्हटलं, ओपी मार्चपासून ह्याच घेतोय. एकदम खूश झाला युवर मॅन."

चहा उतू गेला. उपेंद्रनं तो पुसला नाही, गाडीची किल्ली घेऊन तो बाहेर पडला.

फिनबारचं घर पॅसेज वेस्टला, पंधरा मिनिटांवर. वाटेत चार वेळा फोन लावला, फिनबारनं उचलला नाही. स्टेंट बसवलेलं हृदय आणि त्या गोळ्या. काय होऊ शकतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. त्या पंधरा मिनिटांत माणूस मरू नये म्हणून तो जितका घाबरला, तितकाच आपलं बिंग फुटू नये म्हणूनही घाबरला, आणि घर येईपर्यंत त्याच्याकडे एक चांगली थाप तयार होती.

फिनबार स्वयंपाकघरात होता. पाकीट खिडकीत ठेवलेलं. आईनं वर ‘फिनबार भाऊंसाठी’ असं लिहून खाली तेच इंग्रजीत, एकेक अक्षर जुळवून काढलं होतं. पाकीट बंदच होतं.

"घेतली नाहीस ना?" उपेंद्रनं दारातूनच विचारलं.

"नाही रे. माझ्या हृदयाच्या गोळ्यांबरोबर चालतील का, ते आधी तुला विचारावं म्हटलं. औषधाच्या बाबतीत तुझ्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही."

"नको घेऊस," उपेंद्र म्हणाला. "कंपनीनं परत मागवल्यात. आजच कळलं. रिकॉल."

रिकॉल म्हटल्यावर कारखान्यातला माणूस प्रश्न विचारत नाही. फिनबारनं पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं. उपेंद्रनं ते खिशात घातलं. प्रश्न मिटला होता. वहीतले तेरा जागच्या जागी होते, फिनबार धडधाकट होता, आता चहा घेऊन घरी जायचं एवढंच उरलं होतं.

फिनबारनं किटली लावली आणि एकदम मागे वळला. "पण मग तुझं काय? तू तर मार्चपासून घेतोयस. सहा महिने झाले. काही त्रास होतोय? आज शनिवार, तुझा डॉक्टर भेटायचा नाही. चल, आपण हॉस्पिटलात जाऊ. गाडी मी चालवतो." आणि तो खरोखरच कोट शोधू लागला.

उपेंद्रला तो कोट बघवला नाही. "रिकॉल नाहीये," तो म्हणाला. "स्टेरॉइड आहेत. मला पहिल्यापासून माहीत होतं." तो शब्द त्यानं स्वतःच्या तोंडानं उच्चारण्याची ही पहिलीच वेळ होती.

फिनबार कोट हातात घेऊनच खुर्चीवर बसला. किटली उकळून आपोआप बंद झाली.

"सगळे तेरा?"

"सगळे."

"मी मिठी मारली, तेव्हाही तुला माहीत होतं."

"हो."

कॉर्कमधल्या माणसाच्या पायावर पाय पडला तरी तो ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणतो, म्हणजे काही नाही, ठीक आहे. फिनबारनं तेही म्हटलं नाही. त्यानं कोटाची घडी करून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "तुझ्या आईला हे ठाऊक आहे?"

"नाही."

"अजूनही?"

"नाही."

"मग आधी तिला सांग. वहीचं मी बघतो. त्यात एक रेघ मारायला कितीसा वेळ लागतो. पण त्या बाईनं मला औषध म्हणून पाठवलंय. बाहेर जा आणि तिला फोन कर." त्याचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. चढला असता तर उपेंद्रला बरं वाटलं असतं.

जळगावात दुपारचे साडेतीन झाले होते. व्हिडिओवर आई दिसली, हातात चहाचा कप. "दिल्यास का रे त्याला?" तिनं पहिलं हेच विचारलं.

फाटकाशी उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. आईनं मध्येच कप खाली ठेवला.

"एकही घेतली नाही ना त्यानं?"

"नाही."

"घेतली असती तर?"

उपेंद्रनं नजर फाटकाच्या कडीकडे वळवली. आईला उत्तर मिळालं.

"प्रल्हादला मी विचारलं होतं, माझ्या उपेनला अपाय नाही ना," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकराचं विचारायचं सुचलंच नाही मला."

"आई, तुझी काही चूक नाही यात. माझी आहे."

"तुझी तर आहेच. तू तुझी माफी माग, मला माझी मागू दे. फोन आत ने. मला इंग्रजी येत नाही, तू सांग त्यांना. आणि पदरचं काही घालू नकोस, मी म्हणेन तेच सांग."

तो आत गेला. फिनबार अजून तसाच बसला होता. उपेंद्रनं फोन त्याच्यासमोर धरला. आईनं पदर सावरला आणि हात जोडले.

"भाऊ, मी तुम्हाला वाईट वस्तू पाठवली," आई म्हणाली.

उपेंद्रनं ते इंग्रजीत सांगितलं. मी तुम्हाला वाईट वस्तू पाठवली.

"तुम्हाला काही झालं असतं तर ते पाप माझ्या माथी आलं असतं."

तेही त्यानं सांगितलं, शब्दाला शब्द. फिनबार पडद्याकडे बघत होता, उपेंद्रकडे नाही.

"मला माहीत नव्हतं," आई म्हणाली.

उपेंद्रनं तोंड उघडलं. चारसहा शब्दांचं साधं वाक्य होतं, शाळेतल्या मुलालाही आलं असतं. पण इंग्रजीत ‘मी’पासून सुरू होणारं, आईच्या तोंडी खरं आणि त्याच्या तोंडी खोटं ठरणारं ते वाक्य काही केल्या निघेना. आई हात जोडून थांबली होती. फिनबारनं आता मान वर केली आणि आई काय म्हणाली ते ऐकायला तो उपेंद्रकडे बघू लागला.