सरांचा चष्मा

महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या सरांची एक रीत होती. प्रत्येक तासाला ते विवेचनात एखादा सदोष युक्तिवाद मुद्दाम पेरत आणि विद्यार्थ्यांनी तो हुडकून काढावा अशी अपेक्षा धरत. वर्ष सरता सरता वर्ग इतका तयार झाला, की चूक सरांच्या ओठांवर येते न येते तोच हात वर होत. वार्षिक तोंडी परीक्षेतही एकूण एक विद्यार्थी उत्तीर्ण झाला. हा नवा विषय पुढे ठेवावा की बंद करावा, हे नियामक मंडळ याच निकालावरून ठरवणार होते. प्राचार्याबाई प्रसन्न होत्या.

त्याच वर्गात शिकणारी सरांची पुतणी जेवताना हसत म्हणाली, "काका, तुम्ही पत्ते खेळायला कधी बसू नका हं."

"का गं?"

"चुकीचं सांगायची वेळ आली की तुम्ही चष्मा काढता. सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. युक्तिवाद ऐकतंय कोण? आम्ही चष्म्यावर डोळा ठेवून असतो!"

"त्यात नवल ते काय?" काकूंनी वाढता वाढता टोला हाणला. "लग्न झाल्यापासून मी तेच करतेय."

दोघी खळखळून हसल्या. सर मात्र हसले नाहीत. वर्षभराची विद्या पालथ्या घड्यावर पडली होती.

सकाळी ते प्राचार्याबाईंपुढे उभे राहिले. "परीक्षा पुन्हा घेतो. लेखी."

"सर, आपल्याच पायावर धोंडा कशाला? मुलं नापास झाली तर विषय जाईल."

"जाऊ दे. पण परीक्षा झाली ती माझ्या चष्म्याची. त्या गुणांवर मी सही करणार नाही."

लेखी परीक्षेला सर वर्गाच्या पाठीमागे जाऊन बसले. "सर, जरा पुढे या ना, दर्शन तरी द्या!" कोणीतरी आर्जव केले. सर जागचे हलले नाहीत.

प्रश्नपत्रिकेत एकच उतारा होता: 'तपासणी न झालेला कोणताही पूल सुरक्षित आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. या पुलाची तपासणी झालेली नाही. म्हणून हा पूल सुरक्षित आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.' खाली सूचना होती: 'दोष असल्यास दाखवा, नसल्यास तसे सिद्ध करा.'

बहुतेकांनी नसलेला दोष काढला. पुतणीने तर पानभर काढला. सरांनी तिला शून्य दिले.

नवा निकाल पाहून प्राचार्याबाईंनी कपाळाला हात लावला. "आता मंडळापुढे कोणत्या तोंडाने जाऊ? आणि मुलांचं काय चुकलं हो? तपासणी झाली नाही एवढ्यावरून पूल धोक्याचा ठरतो का?"

"धोक्याचा आहे, असं लिहिलंय कुठे, बाई?"

प्राचार्याबाईंनी उतारा पुन्हा वाचला. मग एकेका शब्दावर बोट ठेवीत आणखी एकदा वाचला.

"हाच निकाल पाठवा," अखेरीस त्या म्हणाल्या, "आणि उताऱ्याच्या प्रती काढा. मंडळाच्या प्रत्येक सभासदाला आधी हा सोडवायला लावते. विषय हवा की नको, ते मग विचारू."

"मीही येतो," सर म्हणाले.

"या. पण बसायचं माझ्या मागे!"