इंदुताईंची दुसरी बांधी

पुनमच्या चमूची राज्य महोत्सवासाठी निवड झाली. हे वाक्य घाईत आधी पडलं. ते वाचलंच नाही असं समजा, कारण त्या सकाळी चंद्रपूरच्या सभागृहात विंगेत उभ्या असलेल्या आदेशला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आदेश मोजून नाचायचा. एक ते आठ. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चार्जिंगची पिन बसवतानाही एक ते आठ. नवव्या वेळी पिन बसत असली तर तो फोन बिघडलेला समजायचा.

पुनम बंगळूरला चार वर्षं समकालीन नृत्य शिकून मूल या आपल्या गावी परतली होती. परतून वर्ष झालं. निवड झाली नाही तर सोमवारी ती पुण्याच्या एका शाळेत स्नेहसंमेलनं बसवायला रुजू होणार होती. म्हणजे मंगळवारपासून अख्ख्या मूल तालुक्यात हा नाच करणारा एकटा आदेश उरला असता, आणि एकट्या माणसाने असा नाच केला की शेजारी त्याला दवाखान्यात नेतात.

इंदुताई त्यांना राइस मिलच्या ओट्यावर सापडल्या होत्या. तालीम तिथेच चालायची. एके दिवशी पन्नाशीच्या या बाई वाळत घातलेलं धान पायाने पालटत आल्या, मागे सरळ सऱ्या उमटवत. पुनम गाणं बंद करून पाहत राहिली.

"ताई, पुन्हा करा ना."

"काऊन? वाळलं नाई का?"

तेव्हापासून त्या चमूत होत्या. नाच होता बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, धानाच्या रोवणीचा. पुनमने त्यांना एकच गोष्ट सांगितली होती: रोवत रोवत मागे या, धुऱ्याला, म्हणजे मागच्या बांधाला, टाच लागली की उभ्या राहा. त्या उभ्या राहिल्या की आदेशने शिरायचं. बाकी रोज वेगळं. कधी पाण्यातून पाय काढायला वेळ लागे, कधी जळू काढायला त्या मधेच थांबत, आणि ओट्यावर तर पाणीही नव्हतं. आदेश हैराण व्हायचा. स्पर्धेच्या अर्जात प्रत्येक मिनिटाच्या हालचालींचा तक्ता मागितला होता. पुनमने लिहिलं होतं: 'पहिलं ते नववं मिनिट, इंदुताई.'

आणि एवढं सगळं मोजणाऱ्या आदेशने रंगमंच काही मोजला नव्हता.

मिलचा ओटा शंभर फूट लांब. रंगमंच बावीस. इंदुताई अगदी पुढच्या कडेला वाकल्या, नसलेलं भाताचं रोप, पऱ्हा, नसलेल्या चिखलात खुपसू लागल्या, आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांची टाच मागच्या पडद्याला लागली. संगीताची सहा मिनिटं बाकी होती.

त्या उभ्या राहिल्या नाहीत. टाचेने पडदा चाचपला. तो हलला. हलणारा धुरा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मग वाकलेल्याच मान वळवून विंगेकडे बघत त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "लहान निघाली गा ही बांधी. चाल, दुसरी धरू."

आणि पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या मधल्या वाटेत शिरल्या.

पुनमने डोळ्यांवर हात ठेवला. आदेशच्या डोक्यात पाच चालू होता. पाचनंतर काय येतं ते त्याला आठवेना.

इंदुताई मात्र रोवत होत्या. रंगमंचाकडे तोंड, दाराकडे पाठ. त्यांची पाठ वाटेत तशीच तोलून धरलेली, भरल्या बांधीत धरावी तशी. हात खाली जात आणि वर येताना त्यांच्यावरून पाणी निथळे. पाणी नव्हतं, पण पहिल्या रांगेतल्या परीक्षकबाईंनी पाय वर घेतले. दुसऱ्या रांगेनेही पाय वर घेतले. एका गृहस्थाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि मग इंदुताईंनी वर न बघता डावा हात नुसता पुढे केला.

हे तालमीत कधीच नव्हतं. पण आदेशला तो हात माहीत होता. हातातली पऱ्ह्यांची पेंडी, म्हणजे जुडी, संपली की रोवणारी बाई असाच हात करते. आदेश दर हंगामात घरच्या बांधीत धुऱ्यावरून पेंड्या फेकायचा, आणि फेकताना त्याने कधी मोजलं नव्हतं. तो रंगमंचाच्या कडेवर धावत आला आणि त्याने फेकली. काहीच नव्हतं हातात. इंदुताईंनी ती वरच्या वर झेलली, आणि अख्ख्या सभागृहाच्या माना त्या पेंडीबरोबर वळल्या.

मग तो फेकत राहिला. त्या मागे सरकत राहिल्या. खाली पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं. संगीत संपलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी टाच मागच्या भिंतीला लागली. भिंत हलली नाही. इंदुताई हळूच उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

परीक्षकबाईंनी पाय वर ठेवूनच विचारलं, "हे आधी ठरलेलं होतं की आत्ता सुचलं?"

"हात ठरलेला असते जी," इंदुताई म्हणाल्या. "बांधी थोडीच ठरलेली असते?"

आदेशला वाटलं, बंगळूरची चार वर्षं एवढ्या एका वाक्यात आटोपली असती. पुनमलाही तसंच वाटलं असावं. तिने पर्समधून पुण्याचं पत्र काढून त्याने नाक पुसलं.

संध्याकाळी निकाल आला, आणि आता ते पहिलं वाक्य वाचायला हरकत नव्हती. तालुका नाचायला मोकळा झाला. नाचल्या नाहीत त्या फक्त इंदुताई.

"मी नाई येत राज्याले."

"काऊन वो ताई?" आदेश किंचाळला.

"ती बांधी तिथीच राह्यली ना बाप्पा! भिंत आली मधात. अर्धी बांधी टाकून दुसऱ्या गावाले रोवाले जात असते का कोणी?"

पुनमने समजावलं. आदेशने हात जोडले. त्या हलेनात. तेव्हा आदेशने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि कागद पुढे घेतला.

प्रति, मा. व्यवस्थापक, सभागृह, चंद्रपूर.

विषय : मागील भिंत मागे घेण्याबाबत.

उपरोक्त विषयी विनंती की, सदर भिंत किमान चाळीस फूट मागे घेण्यात यावी. आमच्या चमूतील श्रीमती इंदुताई यांची रोवणी अर्धवट राहिली असून पऱ्हे पिवळे पडत आहेत. भिंतीपलीकडील सायकल स्टँड तात्पुरता अन्यत्र हलवून त्या जागी घोटाभर पाणी सोडण्यात यावे व काम पूर्ण होईपर्यंत प्रेक्षकांना पाय वर घेण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.