पट्टा सैल हवा

स्कूटरच्या कव्हरचा शेवटचा बोल्ट काही केल्या हलेना, तेव्हा वहिनींनी पान्यावर सरळ पाय दिला. कट्ट असा आवाज होऊन बोल्ट सुटला. त्यांनी खुर्चीकडे मान वळवली.

"पाय दिलेला चालतो ना? चालत नसेल तर आत्ताच सांगा. मागाहून ऐकून घेणार नाही मी."

खुर्चीत बसलेले उस्ताद काही बोलले नाहीत. सात महिन्यांत ते काही बोललेच नव्हते. उजवी बाजू एका सकाळी लुळी पडली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. त्याआधी तीस वर्षं ते स्कूटर दुरुस्त करत होते. स्वतःच्या नवऱ्याला उस्ताद म्हणायची वहिनींना आधी लाज वाटायची, मग जगच म्हणतंय म्हणून लोकांपुढे त्याही तसंच म्हणू लागल्या. दारावरून गाडी गेली की जेवता जेवता मान वर न करता हा माणूस तिचं दुखणं सांगायचा. आता गाड्या जात, आणि उस्ताद समोरच्या भिंतीकडे बघत राहत.

वहिनी शाळांचे गणवेश शिवत. कापड आणायचं, शिवलेले गठ्ठे पोचवायचे, सगळं याच स्कूटरवरून. काल पुलाच्या चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि चाक जागचं हलेना. पट्टा तुटला होता. पुढे गणवेशांचा गठ्ठा, वर ऊन, आणि गाडी ढकलत दीड मैल. वाटेत दोन गॅरेजं लागली. दोन्हीकडून हाक आली, वहिनी, राहू द्या, आम्ही करतो. त्यांनी हसून नको म्हटलं. उस्तादांच्या गाडीला उस्तादांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा हात लागायचा, हे काही त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. येताना नवा पट्टा मात्र घेतला. आणि रात्री झोपायच्या आधीच ठरवून टाकलं, की आपणच बसवायचा. शिवणयंत्राचे पट्टे त्यांनी आयुष्यात डझनाने बदलले होते. पट्टा तो पट्टा, दोन चाकांना गुंडाळायचा. त्यात काय एवढं?

कव्हर निघालं. वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट मिसळू नयेत म्हणून त्यांनी जुन्या कापडावर खडूने कव्हरचा आकार काढला होता आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी ठेवला होता. बाही बेतताना त्या टाचण्या लावत, तसंच. आतून काळ्या रबराचा भुगा आणि तुटलेल्या पट्ट्याचे धागे निघाले. ते त्यांनी ब्रशने झाडून काढले, आणि हे सगळं करताना तोंड चालूच ठेवलं. ही पुढची पुली, ही मागची, बाई गं, केवढा हा कचरा, एवढी वर्षं लोकांच्या गाड्या चकाचक आणि घरच्या गाडीकडे बघायला वेळ नाही. दोघांच्या वाटचं त्या एकट्याच बोलत. सात महिन्यांत ती सवयच झाली होती.

पण त्या बोलण्याखाली एक काटा होता. अकरा वाजता भाऊजी येणार होते, कागद घेऊन.

भाऊजी म्हणजे उस्तादांचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता. दर रविवारी येऊन थोरल्या भावाची दाढी करायचा, नखं कापायचा. सात महिने बंद पडलेलं दुकान दुसऱ्या एका मेकॅनिकला चालवायला द्यायचं, हे त्यानेच जुळवून आणलं होतं. फक्त त्या कागदावर मालकाची संमती हवी होती. "अंगठा घेऊ दादाचा," तो म्हणाला होता, खुर्चीपासून दोन हातांवर उभं राहून. "त्याला काय विचारायचं, वहिनी? त्याला कळतंय कुठं?"

सगळं कळतं त्यांना, असं वहिनी ताडकन म्हणाल्या होत्या. सगळ्यांना त्या तेच सांगत. डॉक्टरांनाही सांगितलं होतं. मनात मात्र गेले दोन महिने शंका पोखरत होती. चहा हवा का विचारलं की उस्ताद मान हलवत. नको का विचारलं की तशीच हलवत. एकदा त्यांनी मुद्दामच विचारलं, मी कोण, तुमची आई का? तेव्हाही मान तशीच हलली. त्या दिवसापासून त्यांनी विचारणंच बंद केलं. नुसतं बोलत राहायचं, उत्तराची वाट बघायची नाही. आज भाऊजी अंगठा घ्यायला लागले, तर नको म्हणायला आपल्याकडे आधार काय, हे त्यांना सकाळपासून सुचत नव्हतं.

नवा पट्टा त्यांनी मागच्या पुलीवर चढवला. त्याच्यावरच्या बाणाची दिशा बघून घेतली. मग पुढे ओढून घेतला, आणखी ओढला, आणि समाधानाने त्यावर बोट मारलं. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ. शिवणयंत्राचा पट्टा असाच बसवायचा असतो. सैल राहिला की चाक नुसतं फिरतं आणि सुई जागची हलत नाही. त्यांनी पुढच्या पुलीची बाहेरची ताटली लावली, नट फिरवला, आणि पुली लोखंडी पट्टीने अडवून धरून पान्याने तो आवळायला घेतला.

खुर्चीतून आवाज आला.

घशातून निघालेला, शब्द नसलेला. वहिनी म्हणाल्या, आले हो, एवढा नट होऊ द्या. आवाज पुन्हा आला, मोठा. पाणी हवं असेल म्हणून त्यांनी पेला पुढे केला. उस्तादांनी तो डाव्या हाताने असा उडवला की पाणी पार भिंतीपर्यंत गेलं.

तेवढ्यात भाऊजी दारात आले. त्यांनी चपला काढता काढता सांडलेलं पाणी पाहिलं आणि म्हणाले, "असं चिडतात असे पेशंट. मनावर घेऊ नका. आत नेऊ का त्याला?"

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

उस्ताद खुर्चीतून पुढे झुकले होते. इतके, की भाऊजींनी धावत जाऊन त्यांचा खांदा धरला. डावा हात लांबवून ते मागच्या पुलीवर थापटत होते. एकदा, दोनदा. मग पुढच्या नटाकडे बोट, आणि तेच बोट आडवं, डावीउजवीकडे. नाही. सात महिन्यांतलं पहिलं नाही.

वहिनींनी पाना पुन्हा उचलला. "एवढं घट्ट लावलंय, आणि म्हणे नाही," असं पुटपुटत त्यांनी नट सोडला, ताटली काढली. नव्या पट्ट्याच्या कडेला एक चकचकीत दबलेली रेघ उमटली होती. पट्टा ताठ असल्यामुळे मागच्या पुलीत वरच अडकला होता, आणि पुढची ताटली त्यालाच चावत बसली होती. नट पुलीवर आवळलाच नव्हता, पट्ट्यावर आवळला होता. पुढच्या चढावर तो सैल झाला असता आणि पुली बसते त्या दांड्याचे दाते खाऊन टाकले असते. एवढं सगळं वहिनींना तेव्हा समजलं नाही. त्यांना एवढंच समजलं, की आपलं चुकलं होतं, आणि ते उस्तादांना माहीत होतं.

"मग कसं? दाखवा."

उस्तादांनी वहिनींचा हात धरला, मागच्या पुलीवर नेला, आणि पट्ट्यावर ठेवून वरून स्वतःच्या पंजाने दाबला. स्प्रिंग कडक होती. डाव्या हाताला पूर्वीचा जोर नव्हता, पण दोघांचे हात मिळून पुरेसा झाला. पुलीच्या दोन बाजू हळूहळू फाकल्या, पट्टा आत खोल बुडाला, आणि पुढे त्याला चांगली ढील मिळाली. इतका सैल, की वहिनींना तो बघून कसंतरीच झालं.

"अहो, हा तर लोंबतोय."

उस्तादांनी मान हलवली. यावेळी ती हो होती. वरपासून खालपर्यंत, एकदाच, ठाम.

आता ताटली पट्ट्याला न चावता आत बसली. नट आवळला. वहिनींनी मागची पुली हाताने फिरवली, तसा पट्टा आपल्याआप वर येत गेला, आणि चार फेऱ्यांत नीट ताणून बसला. कव्हर परत बसवून त्यांनी पायाने किक मारली. इंजिन सुरू झालं, चाक फिरलं. उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं, आणि मग हात हलवून बंद करायला सांगितलं. भाऊजी एव्हाना भिंतीला टेकून उभे होते.

हात पुसून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तो कागद वाचा. मला नको, त्यांना. आणि दोन्ही बाजूंनी विचारा."

भाऊजी खुर्चीसमोर खाली बसले. दादापुढे असं ते लहानपणानंतर बसले नव्हते. कागद शेवटपर्यंत वाचला, अडखळत. मग विचारलं, "दादा, ठेवायचं का दुकान? बंद असलं तरी?"

वहिनींना वाटलं, आता मान वरून खाली हलणार. मनातल्या मनात त्यांनी भांडणाची सगळी तयारी केली होती. मेकॅनिकला काय सांगायचं, भाऊजींना काय सुनवायचं, सगळं.

उस्तादांनी मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग डावं बोट आडवं हललं.

"मग चालवायला देऊ?"

मान वरून खाली. एकदाच.

वहिनींनी भांडणाची ती सगळी तयारी मनातून पुसून टाकली. म्हणजे हा माणूस इतके दिवस खुर्चीत बसून हाच हिशेब एकट्याने मांडत होता, आणि तो कुणी विचारलाच नव्हता.

भाऊजींनी डोळे पुसले आणि खिशातून शाईची डबी काढून उघडली. उस्तादांनी ती बोटाने परत त्यांच्याकडे सरकवली, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या पेनाकडे बोट केलं.

पेन डाव्या मुठीत धरायलाच बराच वेळ लागला. वहिनींनी उस्तादांच्या मांडीवर पाट ठेवला, भाऊजींनी कागदाची दोन टोकं दाबून धरली. कुणी घाई केली नाही. नावात चार अक्षरं होती. पहिलं दोन इंचांचं झालं, दुसरं त्याच्यावर पडलं. चौथं कागदाच्या कडेवरून उतरून पाटावर गेलं, आणि उस्तादांनी ते तिथेच, लाकडावर पूर्ण केलं. मग श्वास घेतला, पेन पुन्हा पहिल्या अक्षरापाशी नेलं, आणि वरची रेघ ओढायला सुरुवात केली.