एक बोट सोडून

मी एक जुना खुंट आहे. गुलाब नव्हे, गुलाबाखालचा खुंट.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही. फाटकापासून घराच्या दारापर्यंत मोजून अकरा पावलांची बाग आहे. ओळीत काहीच नाही. शेवंतीत पुदिना घुसलेला, पुदिन्यात वाटाण्याचा वेल, आणि वाकड्या फरश्यांच्या फटींतून जे उगवेल ते. मधोमध गुलाबी गुलाब. त्याचा वास रस्त्यावर जातो आणि सायकलवाले उगाच घंटी वाजवून हळू होतात. त्या झुडपाच्या तळाशी, मातीला टेकलेली एक खडबडीत गाठ दिसते. तिच्याखाली मी.

फुलाचं नाव होतं, मुळाचं होत नाही. असो. मी तक्रार करायला बसलेलो नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

ज्या गुलाबाला मी आज पोसतो, त्याला मी एकदा मारायला निघालो होतो.

*

पण आधी जन्म सांगायला हवा.

मी रानगुलाबाची पेन्सिलीएवढी काडी होतो. रोपवाटिकेच्या चिखलात खोचलेल्या दोनशे काड्यांपैकी एक. मालकांना सगळे डोळेवाले काका म्हणत. पानाच्या कुशीत जो बारीक कोंब झोपलेला असतो, त्याला डोळा म्हणतात. चांगल्या गुलाबाचा डोळा सालीसकट काढायचा आणि रानटी खुंटाची साल उघडून आत बसवायचा, म्हणजे डोळा भरणे. काकांनी दारावर पाटी लावली होती, ‘येथे डोळे भरून मिळतील.’ एकदा एक आजोबा चष्मा घेऊन आले आणि बाकावर नंबर धरून बसले. काका म्हणाले, “आजोबा, तुमचे डोळे मी भरले तर पापण्यांना कळ्या येतील.”

त्याच बाकावर एके दिवशी ताई येऊन बसली. ती कपडे शिवणारी. मांडीवर अस्तराच्या ओल्या तुकड्यात गुंडाळलेली एक काडी. काडीची दोन्ही टोकं काळी पडलेली.

तिने काकांना सगळं सांगितलं. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. एकटे राहत होते, दोनदा जिन्यावरून पडले, म्हणून तिने त्यांना आपल्याकडे आणलं आणि जुनं घर विकलं. अंगणात आईने लावलेला गुलाब होता. बाबांची अट एकच होती, गुलाब बरोबर घ्यायचा. नवे मालक म्हणाले, हवा तेव्हा न्या. ताईकडे शाळेच्या गणवेशांचं काम पडलं होतं. ती म्हणाली, रविवारी येते. रविवारी गेली तेव्हा तिथे खड्डा होता, आणि कचऱ्याच्या ढिगात ही काडी.

“तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत,” ताई म्हणाली. “मला सुई म्हणायचे. आता काहीच म्हणत नाहीत.”

काकांनी काडी उजेडात धरली. जिवंत डोळे तीन निघाले. त्यांनी तीन खुंट निवडले. तिसरा मी.

*

चाकू. एक आडवा काप, एक उभा. साल उघडली. काहीतरी थंड, परकं आत सरकलं. पट्टी बांधली. आत अंधार.

मित्रांनो, डोळा जगला की मेला हे तीन आठवड्यांनी कळतं. डोळ्याला पानाचा एक छोटा देठ ठेवलेला असतो. बोट लावताच तो गळून पडला, तर डोळा जगला. सुकून चिकटून राहिला, तर मेला.

ताई रोज यायची. एकविसाव्या दिवशी काकांनी पहिल्या खुंटाच्या देठाला बोट लावलं. हलला नाही. दुसऱ्याला लावलं. हलला नाही. ताईने मान फिरवली.

मग बोट माझ्याकडे आलं.

देठ पडला.

“आता एवढाच आहे हं, ताई,” काका म्हणाले. “हा गेला तर तुमच्या आईचा गुलाब गेला.” मग डोळ्याच्या वरचा माझा सगळा शेंडा त्यांनी कापून टाकला. वर फक्त त्यानेच वाढायचं, मी नाही. हा खुंटाचा धर्म, आणि तो मला कोणी विचारून लावलेला नव्हता.

*

मी अकरा पावलांच्या बागेत आलो. समोर खिडकी, खिडकीत बाबा. डाव्या डोळ्याला घड्याळजींचं भिंग लावून ते मांडीवर एक उघडलेलं घड्याळ धरून बसत. ताई जेवायला हाक मारी, ते येत, जेवत, ताट उचलत. ती बोले, ते “हं” सुद्धा म्हणत नसत.

डोळा झोपूनच राहिला. आठवडा, दोन आठवडे.

आणि मग मी फुटलो. गाठीच्या खालून, माझ्या स्वतःच्या सालीतून, हिरवा, गुळगुळीत, वीतभर.

ताई आनंदाने खिडकीकडे धावली. “बाबा, फुटला.” बाबांनी पाहिलं आणि मान घड्याळात घातली.

चार दिवसांनी काका आले. ही खुंटाची फूट आहे, म्हणाले, ही तुमचा गुलाब खाऊन टाकेल, काढा. तेवढ्यात त्यांना झोपलेल्या डोळ्यातून निघालेलं लालसर टोक दिसलं, तांदळाएवढं. हा खरा, याला जपा, असं सांगून ते घाईत गेले.

ताईने कात्री घेतली. आता तिची सवय ऐका. कापड कापताना ती खडूच्या रेघेवर कधीच कापत नाही. बाहेर एक बोट सोडते. त्याला दाब म्हणतात. उद्या कपडा सैल करायची वेळ आली, तर दाब हाताशी असलेला बरा. वीस वर्षं हात तसाच चाललेला.

तिने माझी फांदी कापली. एक बोट सोडून.

त्या बोटातून दोन फांद्या आल्या.

तिने दोन्ही कापल्या. एक एक बोट सोडून.

चार.

चार कापल्या.

मग मोजणं अवघड झालं. मी झुडूप झालो.

*

कबुली इथे आहे.

पाणी माझ्यातून वर जात होतं. कोणाला किती, हे माझ्या हातात होतं. त्या परक्या कोंबाला मी घोटभर देत होतो, माझ्या फांद्यांना घागरभर. मला वाटलं, का नाही? मुळं माझी. चाकू मी सोसला. मला कधी फूल आलेलं नाही. माझं फूल कसं असतं, हे मलाच माहीत नाही.

कोंब दोन बोटं वाढून थांबला. त्याच्या पानांवर काळे ठिपके पडले.

मी जिंकत होतो.

*

महिना गेला. ताई रोपवाटिकेत जाऊन आली, तर कुलूप. काका लेकीकडे गेले होते. तिने खुरपं, कात्री घेतली आणि माझ्यासमोर बसली. काकांनी दाखवलेलं लालसर टोक कुठलं, कोणती फांदी कुठून निघाली, हे आता वरून कळत नव्हतं. एवढी दणकट, तजेलदार वाढ म्हणजे आईचाच गुलाब, असं तिला वाटलं. आणि मध्ये ही एक किडकी काडी, ठिपक्यांची. हीच ती खाऊन टाकणारी असणार.

तिने कोंब कात्रीच्या दोन पात्यांमध्ये घेतला.

मी पाणी थांबवलं. म्हणजे तो तुटला, तर मला काही कळणार नाही.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. तिने वर पाहिलं नाही. मग दाराची कडी वाजली.

“सुई, थांब.”

कात्री थांबली. ताईसुद्धा. चार महिन्यांत पहिला शब्द.

बाबा आले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. गुडघे मोडत खाली बसले.

“त्या मोठ्या फांदीचं एक पान घे. दांडीला पाती किती?”

“सात.”

“आणि या काडीला?”

ताईने बोटाने मोजलं. “पाच.”

“तुझ्या आईच्या गुलाबाला पाच असायची. माजलेल्याला सात आहेत, हे मी खिडकीतून महिनाभर बघतोय.”

“महिनाभर? मग बोलला का नाहीत?”

बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. “तू रविवारी येते म्हणाली होतीस. मला वाटलं, आपणही कशाला घाई करा.”

ताईने कात्री मांडीवर ठेवली.

“चुकले, बाबा.”

“चुकलीसच. मीही आत्ता उठलो, ते कात्री या काडीवर दिसली म्हणून. आता माती सरकव. नुसत्या पानांवर जाऊ नये, सांधा बघावा. गाठीच्या वरून येतो तो आपला. खालून येतो तो या खुंटाचा.”

तिने बोटांनी माती सरकवली. मी उघडा पडलो. माझ्या सगळ्या फांद्या गाठीखालून निघालेल्या, एकेका उरलेल्या बोटातून. तिने कात्री उचलली, तसा बाबांनी तिचा हात धरला.

“कापड आहे का ते? याला दाब सोडलास की तो पुन्हा सैल होतो. ओरबाडून काढ. मुळाशी.”

तिने पहिली फांदी मुठीत धरली.

मित्रांनो, खुंट धरून ठेवू शकतो. खूप घट्ट. मी त्या म्हाताऱ्या बोटांकडे पाहिलं. त्यांनी भिंग माझ्या गाठीवर धरलं होतं. अनवाणी पाय मातीत होता.

मी सोडलं.

ती सालीसकट निघाली. मग दुसरी, तिसरी. दुखलं. नंतर वर जायला एकच वाट उरली, आणि मी सगळं पाणी तिकडे सोडलं.

*

फूल पुढच्या हंगामात आलं. एकच. बाबा फाटकापर्यंत गेले, परत आले, उभे राहिले, डोळे मिटून वास घेतला. “हाच,” म्हणाले. ताई आत शिवत होती. मशीन थांबलं आणि बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही.

त्या दिवशी डोळेवाले काका आले होते. बाबांनी त्यांना विचारलं, या खुंटाला फूल कसं येतं? काका हसले. पांढरं, बारीक, वास नाही म्हणाले, त्याला कोण विचारतो?

“म्हणजे यालाही असतं,” बाबा म्हणाले. वाकून त्यांनी माझ्यावरची माती नीट केली.

आता खिडकीत कोणी बसत नाही. घड्याळ तिथेच आहे, चालू. ताईचे केस पिकले. दर हंगामात मी खालून एखादी फूट काढून बघतोच, स्वभाव आहे. ती येते, खाली बसते, पाती मोजते, माती सरकवते.

मित्रांनो, तुमच्या बागेत असा कोणी असेल, तर एवढंच करा. कापण्याआधी खाली वाका आणि कोण कुठून येतो ते बघा. माझी फूट निघाली तर दया करू नका, एक बोटही सोडू नका. फक्त काढून झाल्यावर माती परत ओढा आणि तळहात क्षणभर तिच्यावर ठेवा.

ताई ठेवते.