आवाज नाही हं!

आठ वर्षं एकाच भाड्याच्या घरात काढली, आणि खाली खुद्द घरमालकीण राहत असली, की माणूस आपल्याच घरात चोरासारखा चालायला लागतो. ह्या घरातली तिघंही तशीच चालायची. मालकीणबाईंचे कान म्हणजे काय विचारता! वर चमचा पडला तरी खालून काठीने छत ठोकलं जायचं, आणि "खोली रिकामी करा" हे तर त्यांच्या जिभेवरच असायचं. त्यामुळे पोर रडायला लागली की आई आधी तिच्या तोंडावर तळवा ठेवायची, आणि काय झालं ते मग विचारायची. "आवाज नाही हं!" हे ऐकतच ती पोर मोठी झाली. हाक मारायची तर तोंडाने नाही, भिंतीवर नखाने टकटक करून. पोर इतकी गप्प झाली की मालकीणबाईच एकदा कौतुकाने म्हणाल्या, "मुलगी आहे की मुंगी?" तेव्हापासून तिचं नावच मुंगी पडलं. खरं सांगायचं तर आईला त्याचा अभिमान होता. चारचौघांत सांगायची, "आमच्या मुंगीचा मुळीच त्रास नाही हो."

अशा ह्या माणसांनी शेवटी स्वतःचं घर घेतलं. कसं घेतलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुंगीचे बाबा पावाची गाडी चालवायचे. त्याच गाडीत सामान भरलं, मदतीला मामाला बोलावलं आणि रविवारी सकाळी सगळे नव्या घरात येऊन धडकले.

"तू एका कोपऱ्यात बस," आईने मुंगीला बजावलं. "कुणाच्या पायात येऊ नकोस. आणि आवाज नाही हं!"

मुंगी मान हलवून गेली.

मग लोखंडी कपाट वर आलं. मामा ते सरळ फरफटत न्यायला निघाला, तशी आई कुजबुजली, "अरे, उचल, उचल! खाली माणसं राहतात."

"ताई, घर तुझं आहे ना? मग बोलतेस कशी देवळात बोलल्यासारखी?"

"तू उचल रे बाबा."

बिचाऱ्यांनी उचललं. मागच्या खोलीच्या भिंतीत अडगळीचा एक कोनाडा होता, त्याला बुटकं दार होतं. ते अर्धवट उघडं होतं आणि कपाटाच्या आड येत होतं. आईने ते पायाने लोटून दिलं आणि कपाट तिथेच ठेवून घेतलं. अगदी अलगद. हूं की चूं नाही.

सामान वर येऊन संपलं तेव्हा दुपार झाली होती. आईने बिस्किटांचा पुडा फोडला आणि नेहमीसारखी भिंतीवर टकटक केली. मुंगी आली नाही. आईने दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, गुंडाळलेल्या गाद्यांच्या मागे पाहिलं.

"अहो, मुंगी कुठाय?"

"तुझ्याजवळ होती ना?"

"माझ्याजवळ? मी तर समजले तुमच्याबरोबर खाली गेली!"

बाबा धडाधड जिने उतरून रस्त्यावर पळाले. मामा गच्चीवर गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, टाकीचं झाकण उघडं आहे!" कठड्याला धरून आई कशीबशी वर पोचली, तोवर मामा पोटावर आडवा होऊन टाकीत वाकला होता. "नाही, नाही इथे," तो म्हणाला, "पाणी घोट्यापर्यंतच आहे." पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खालून बाबांच्या हाका ऐकू येत होत्या. मामाही हाका मारत खाली धावला. मुंगीला हाकेला ओ द्यायची सवयच नव्हती, हे त्या दोघांच्या डोक्यातही आलं नाही.

आई एकटीच घरात परतली. "मुंगे," तिने हाक मारली, तीही कुजबुजत. घसा तसाच घडला होता, त्याला ती तरी काय करणार? तिने दार लावून घेतलं. बाहेरचा गलका थांबला, आणि तिला ऐकू आलं.

टकटक.

अगदी बारीक, नखाची. आई मागच्या खोलीत गेली, कपाटाला कान लावला. टकटक कपाटाच्या मागून येत होती, आणि मध्येच थांबत होती.

कपाट दोन गडी लागल्याशिवाय हलणारं नव्हतं. तिने बाजूच्या भिंतीला पाठ टेकली, दोन्ही पाय कपाटाला लावले आणि जीव खाऊन रेटलं. नव्या फरशीवर असा कर्कश आवाज झाला की सगळी इमारत हादरली असेल. हादरू दे मेली! तिने बुटकं दार ओढलं.

आत मुंगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. घामाने चिंब, ओठ सुकलेले, श्वास लागलेला. आईने तिला बाहेर ओढून छातीशी धरलं.

"आई," मुंगी हळूच म्हणाली, "मी कोपऱ्यात बसले होते. मी अजिबात आवाज नाही केला."

"अगं, ओरडायचं ना राणी! दार बडवायचं!"

"खालच्या आजी ओरडतील ना."

"इथे खाली आजी नाहीत गं. हे आपलं घर आहे. रड तू, मोठ्याने रड."

मुंगीने आईकडे पाहिलं. तिला रडू फुटलं, डोळ्यांतून धारा लागल्या. पण तोंड तिने आपल्याच कोपरात खुपसलं. आवाज काही बाहेर आला नाही.

मग आईचाच बांध फुटला. आठ वर्षांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं आणि खोलीच्या मधोमध बसकण मारून तिने असं भोकाड पसरलं की खाली रस्त्यावर बाबा जागच्या जागी थांबले. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. जिन्यात पावलं वाजली.

मुंगी घाबरली. तिने पटकन आपला इवलासा तळवा आईच्या तोंडावर दाबला.