एकच मजकूर, तीन ठिकाणी

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता : ‘शेवटी आई माझ्याबद्दल काही बोलली का? फोनवर सांगू नकोस. लिही, म्हणजे मला पुन्हा पुन्हा वाचता येईल.’ ताईच्या लग्नावरून तिचं आणि आईचं बिनसलं, ते कायमचंच.

आई बोलली होती, आणि तेव्हा जवळ मी एकटाच होतो. पण चार ओळी लिहायच्या तर मी आठ खोडतो. म्हणून सुनेने मला कॉम्प्युटरवर टिपणं ठेवायला शिकवलं. एखादा मजकूर एकदाच लिहायचा. दुसऱ्या टिपणात कंसात त्याचं नुसतं नाव टाकलं, की तो तिथे आपोआप दिसतो. मला हे फारच सोयीचं वाटलं. आईच्या शेवटच्या दिवसांवर एक परिच्छेद लिहिला आणि तीन ठिकाणी जोडला : माझ्या आठवणींत, थोरला दादा काढतोय त्या घराण्याच्या पुस्तिकेत आणि ताईच्या पत्रात.

काल पत्र छापून घेतलं. पाकीट चिकटवण्याआधी सहज वाचलं. आईचं वाक्य त्यात नव्हतं. ‘आई शांतपणे गेली,’ एवढंच.

चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो. आई ते खरंच म्हणाली होती ना? की ताईला बरं वाटावं म्हणून मीच मनाने रचलं? जन्मभर पुस्तकांत डोकं खुपसून बसलेल्या माणसाचा काय भरवसा? कुठल्या तरी कादंबरीतलं वाक्य आईच्या तोंडी घातलं असेन.

“बाबा, फरशी झिजेल,” सून म्हणाली. “काय हरवलंय?”

“वाक्य.”

“कपाळावर बघितलंत? चष्मा तिथेच सापडतो तुमचा.”

पण माझा चेहरा पाहून ती कॉम्प्युटरसमोर बसली.

“हे तुम्हीच काढलंय की!”

“ते दादाच्या पुस्तिकेतून! घरातली भांडणं चव्हाट्यावर नकोत, म्हणाला तो.”

“पण बाबा, पुस्तिकेत मजकूर होताच कुठे? तिथे फक्त नाव. मूळ मजकुरातून काढलंत, सगळीकडून गेलं.”

दादाचं मन राखायला गेलो आणि ताईच्या वाट्याचं पुसून बसलो.

“जुनी प्रत आहे. परत आणू?”

“मग दादाच्या पुस्तिकेतही येईल.”

“येणारच. पण आत्यांचं वाक्य आत्यांच्याच पत्रात लिहा ना. ते सगळ्यांचं कशाला करायचं?”

मी पेन शोधलं.

“जुनी प्रत दाखवू?”

“नको,” म्हणालो खरा, पण पेन कागदावर टेकेना. मग चादर आठवली. मी घातलेली घडी आई बोटांनी उलगडत होती. म्हणालो, “अगं, राहू दे.” ती ऐकेना. चादरीकडेच बघत म्हणाली, “तिचं चुकलं नव्हतं रे. मीच हट्टाला पेटले. सांग तिला.” अशी चादर मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती.

छापलेल्या पत्राखाली मी चादरीसकट सगळं हाताने लिहिलं. एकही शब्द खोडला नाही. पुन्हा वाचलं असतं तर खोडला असता, म्हणून वाचलंच नाही. पायांत चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जवळजवळ धावतच गेलो. पाकीट अर्धं आत घालून घटकाभर धरून ठेवलं. मागे कुणीतरी खाकरलं.

सोडून दिलं.