बारावा टेक

लोक त्याला दादा म्हणायचे. बावीस वर्षं त्याने कॅमेऱ्यामागे काढली होती आणि उमेदवारीपासून एकच धोशा लावला होता: चेहऱ्यावर दिव्यांचा उजेड ओतायचा नाही. एक खिडकी, तिला पातळ पडदा, समोरच्या भिंतीवर काळं कापड. "अर्धा चेहरा अंधारात राहू द्या," म्हणायचा, "तेवढा प्रेक्षक आपल्या मनाने बघतो." हव्या त्या उन्हासाठी तो दोन-दोन तास बगळ्यासारखा उभा राही. निर्माते कावायचे, पण पडद्यावर बघितलं की त्यांची बोलती बंद व्हायची.

त्या सिनेमात नायिका होती त्याची सख्खी धाकटी बहीण, चिमी. आई गेल्याची बातमी ती ऐकते, असा प्रसंग. त्यांची आई तेव्हा खरंच हॉस्पिटलमध्ये होती. पण दोन दिवसांत घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून दोघं कामावर आली होती.

सकाळपासून टेकवर टेक चालले होते. चिमी रडत होती, पण ते ग्लिसरीनचं रडणं दादाच्या डोळ्यांत खुपत होतं.

साडेअकराला बाबांचा फोन आला. "आईचं काही खरं नाही रे. चिमीला घेऊन ये. सारखी दाराकडे बघतेय."

"निघतोच," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. हॉस्पिटल अर्ध्या तासावर होतं. खिडकीत ऊन उतरायला मात्र साडेतीन तास होते, आणि सेट उद्या मोडायचा होता. एक शॉट होऊ दे, मग निघू, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग आणखी एक. दोन वाजता बाबांचा दुसरा फोन आला. तो ऐकून दादा व्हरांड्यात गेला, पाणी प्यायला आणि परत आत आला.

"या वेळी बातमी मी सांगतो," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "कट म्हणू नका."

तीन वाजता ऊन तिरपं झालं. बारावा टेक. कॅमेऱ्यामागून तो म्हणाला, "चिमे, आई गेली."

ती संवादाची वाट बघत बसून राहिली. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "दादा... आपली?"

त्याने होकारार्थी मान हलवली. फोकस हलू दिला नाही. पावणेचार मिनिटं. तिचा तो प्रश्न आवाजातून नंतर काढून टाकला.

सिनेमा गाजला, त्याला बक्षिसं मिळाली. बाबांना त्याने सांगितलं, रस्ता तुंबला होता. चिमीला सांगितलं, फोन तीनलाच आला. दोघांनी विश्वास ठेवला. चिमी उलट त्याचीच बाजू घ्यायची. "त्याचीही आईच ना ती! बिचाऱ्याला कॅमेरा बंद करायचंही सुचलं नाही."

चार वर्षांनी एका रविवारी दुपारी दोघं बाबांकडे जेवायला आली होती. टीव्हीवर नेमका तोच सिनेमा लागला. तो प्रसंग सुरू झाला तशी चिमी उठून स्वयंपाकघराकडे निघाली.

बाबा म्हणाले, "रस्ता मोकळा असता तर भेट झाली असती गं. साडेअकरालाच फोन केला होता मी."

चिमी थबकली. "साडेअकराला?"

"हो. दादा म्हणाला, निघतोच."

टीव्हीवरची चिमी अजून रडत होती.

"तोवर किती टेक झाले होते?" तिने विचारलं.

"चार."

"म्हणजे पुढे आठ घेतलेस."

"चिमे, ऐक जरा. तो चेहरा..."

"बाबा, आई मला हाक मारत होती?"

बाबा रिमोट शोधत होते. तो काही हाताला लागेना. "आधी तुला, मग याला," ते म्हणाले. "नंतर नुसतीच दाराकडे बघत राहिली." मग मुलाकडे वळून हळूच म्हणाले, "ती कशी दिसत होती ते तुला फोनवर सांगायला हवं होतं मी. कॅमेरा घेऊन आला असतास. निदान आला तरी असतास."

चिमीने त्याच्याशी बोलणं टाकलं. तो असेल तिथे काम करणार नाही, असं तिने निर्मात्यांना कळवलं. पण मागणी त्याला होती, म्हणून कामं तिचीच गेली. दोन वर्षांत ती घरी बसली.

दादाला सिनेमा शिकवणाऱ्या एका शाळेने व्याख्यानाला बोलावलं. तो शॉट दाखवून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, त्यांना आधी काही कल्पना दिली होती?"

"अजिबात नाही," तो म्हणाला.

वर्गाने टाळ्या वाजवल्या.